मधल्या वर्तुळात बोलावणं

ग्वेनने छोटा मायक जोलीच्या जर्सीच्या आतून चिकटवला आणि तार पाठीवरून खाली सोडली.

"टोचतंय का?"

"नाही. पण आज मला कसा? रोज तर इमानीला लावता."

"आज तुझी पाळी," ग्वेन म्हणाली आणि बॅटरीची डबी उगाच तपासत बसली.

जोलीने पुढे काही विचारलं नाही. विचारून मजा घालवायची नव्हती.

ग्वेन आणि तिचे टीव्हीवाले ऑगस्टपासून हॅलोवेल विद्यापीठाच्या मुलींच्या बास्केटबॉल टीमच्या मागावर होते. जेवताना, पळताना, बर्फाच्या टबात दातावर दात आपटत बसताना, कॅमेरा काही पाठ सोडत नव्हता. कोच स्ट्रॅटननी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, हवं ते दाखवा, पण तुमच्यासाठी मी काही वेगळं करणार नाही. बाई कडक. एकीचा पास चुकला की सगळ्यांनी ओकारी येईपर्यंत धावायचं. जे बोलायचं ते सगळ्या टीमसमोर, कोणाच्या पाठीमागे नाही, हा त्यांचा नियम. त्या सामने जिंकून देत, त्यामुळे अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या त्या गावात त्यांच्याविरुद्ध कोणी ब्र काढत नसे.

जोली व्हँडरमीर टीममध्ये होती, पण शिष्यवृत्तीशिवाय. प्रॅक्टिसमध्ये तिने समोरच्या टीमच्या धिप्पाड मुलीची जागा घ्यायची आणि मार खायचा. सामन्याच्या दिवशी बाकाच्या टोकाला बसून टॉवेल फिरवायचा. तिची फी भरण्यासाठी आई, डेनिस, वृद्धाश्रमात दोन-दोन पाळ्या करत होती. नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या सणाला घरी जेवण झाल्यावर डेनिसने सरळ सांगून टाकलं, आता माझ्याच्याने होत नाही, शिष्यवृत्ती मिळाली तर ठीक, नाहीतर जानेवारीत घरी ये. परत आल्यावर हे सांगताना जोली ग्वेनच्या कॅमेऱ्यासमोर ढसाढसा रडली होती.

पण आशा होती. नाताळच्या सुट्टीआधीच्या शेवटच्या प्रॅक्टिसला टीममध्ये एक प्रथा होती. सहायक कोच हँक शिष्यवृत्ती नसलेल्या एखाद्या मुलीला मधल्या वर्तुळात बोलावून झापायचा. जर्सी काढ, चालती हो, म्हणून आरडाओरडा करायचा, शिट्टी भिरकावायचा. पोरगी रडकुंडीला आली की लॉकर रूमच्या दारातून तिच्या घरचं माणूस शिष्यवृत्तीचं पत्र घेऊन बाहेर यायचं आणि सगळ्या मुली तिच्या डोक्यावर पाणी ओतायच्या. गेल्या वर्षी ब्रुकचे वडील आले होते. ब्रुकने असं भोकाड पसरलं की ती फीत देशभर फिरली. तेव्हा कोच स्ट्रॅटन हाताची घडी घालून बाजूला उभ्या होत्या. उन्हाळ्यात हँक दुसऱ्या विद्यापीठात गेला.

"मग यंदा कोचच करणार," इमानीने ठरवूनच टाकलं होतं. "बाईंना नाटक जमेल का गं?"

इमानी जोलीची खोलीतली सोबतीण. दोघी आठवडाभर खुणा वेचत होत्या. कपडे-बूट सांभाळणाऱ्या पॅटने जोलीकडून जादा जर्सी आणि बूट परत मागून घेतले, तेही नजर चुकवून. नवे देणार असतील, दोघींना वाटलं. मिनेसोटाची एक उंच मुलगी कोचच्या खोलीत दिसल्याचं इमानी सांगत होती, पण जोलीचं लक्ष नव्हतं. आणि आज सकाळी बर्फाने भरलेल्या पार्किंगमध्ये एक हिरवी गाडी उभी होती, दाराला पोचा असलेली. आईची. काल फोनवर तर ती म्हणाली होती, उद्या कामावर आहे.

इमानीला सांगितल्यावर ती नाचायचीच बाकी राहिली.

"अगं, मग झालंच की! फक्त रडायचं सोंग नीट कर. हसलीस तर बघ."

प्रॅक्टिस संपली. शिट्टी वाजली.

"व्हँडरमीर, मध्ये ये."

बाकीच्या मुली रेषेवर उभ्या राहिल्या. कोपराने कोपराला खुणा झाल्या. इमानीने पाण्याची बाटली पाठीमागे लपवली. ग्वेनचा कॅमेरा जोलीच्या अगदी जवळ आला.

कोच इतक्या हळू बोलल्या की मुलींना कान द्यावा लागला.

"तीन वर्षं तू कष्टात कसूर केली नाहीस. पण तुझा गुडघा आता साथ देत नाही, हे तुलाही माहीत आहे. जानेवारीपासून टीममध्ये तुझी जागा नाही. जर्सी पॅटकडे दे."

जोलीने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. तिचे खांदे गदगदायला लागले. हसू दाबताना तिचा जीव जात होता.

"कोच, एक संधी द्या ना हो," ती गळा काढून म्हणाली.

रेषेवर कोणीतरी फिसकन हसलं. कोचनी चमकून तिकडे पाहिलं. मग पुन्हा जोलीकडे.

"मला हे दोनदा सांगायला लावू नकोस, बाळा."

बाळा! कोचच्या तोंडी हा शब्द कोणी कधी ऐकला नव्हता. बाईंना नाटक जमतंय, असं जोलीला वाटलं, आणि त्या क्षणी तिला त्या फार आवडल्या.

तेवढ्यात लॉकर रूमचं दार करकरलं आणि इमानीला धीर निघेना. ती किंचाळत धावली, तिच्यामागे सगळी टीम. बाटल्या जोलीच्या डोक्यावर रिकाम्या झाल्या, कोणी तिला मिठी मारली, कोणी उचललं. केसांतून पाणी निथळत होतं. आता ती खरंच रडत होती, तीन वर्षांचं सगळं एकदम. मुलींच्या खांद्यांवरून तिने दाराकडे हात पसरले.

"आई!"

डेनिस दारातच थांबली होती. तिच्या हातात जोलीच्या सामानाने भरलेलं खोकं होतं आणि त्यावर लॉकरच्या दारावरून काढलेली तिच्या नावाची पाटी.