काही आठवायला नको

सृष्टीची अक्कलदाढ काढायची होती आणि दवाखान्यातली ती खुर्ची बघूनच पोरीला घाम फुटला. डॉक्टर म्हणाले, "नुसतं बधिर करून काढू, नाकावाटे गॅस देऊ, नाहीतर शिरेतून गुंगीचं औषध. गुंगीत भीती जाते. पेशंट काहीबाही बडबडतात, पण नंतर त्यांना काही आठवत नाही."

माझी दाढ लहानपणी दोघांनी हातपाय दाबून धरून काढली होती. ते मी आजही विसरले नाही. म्हणून मीच म्हणाले, "गुंगीचंच द्या. पोरीला काही आठवायला नको."

दाढ निघाली. आम्हाला आत बोलावलं, तेव्हा सृष्टी डोळे मिटून हसत होती. "शेखरला वर बोलवा ना. त्यानं हात धरला की मला भीती नाही वाटत."

शेखर आमचा ड्रायव्हर. खाली गाडीत थांबला होता.

हे तडक जिना उतरून गेले. परत आले तेव्हा गाडीची किल्ली ह्यांच्या हातात होती.

ओझर मागे पडलं आणि सृष्टीला नीट जाग आली. "पप्पा, तुम्ही का चालवताय? हा घरचा, दिंडोरीचा रस्ता नाहीये."

"चांदवडला चाललोय, मामाकडं. रविवारी तुला बघायला पाहुणे येतायत."

तिनं माझ्याकडं बघितलं. "आई, मी गुंगीत काही बोलले का गं?"

 

"काही नाही," म्हणत मी तिचा हात घट्ट दाबून धरला, आणि दुसऱ्या हातानं तिचा फोन माझ्या पर्समध्ये आणखी खाली सरकवला.