एकमताचा अभिप्राय

तान पेइयुआन यांच्या नावाची पाटी टेबलाच्या मधोमध होती. ती पाहून ते दारातच थांबले.

"सर, तज्ज्ञ गटाचे प्रमुख तुम्हीच," जिल्हा नियोजन कार्यालयाचा संचालक लुओ जिंग म्हणाला. तो त्यांचा जुना विद्यार्थी. "मानानं मोठं दुसरं आहे कोण?"

"मी विरोधात बोलणार आहे."

"बोला की! त्यासाठीच तर बोलावलंय."

भिंतीलगतच्या खुर्चीवर त्यांचा चुलतभाऊ फूशंग बसला होता, गावाचा प्रतिनिधी म्हणून. बैलू तळं बुजवून तिथं औद्योगिक वसाहत होणार होती. सगळं गाव त्या तळ्यातल्या मासळीवर जगत होतं.

तान सर बोलले. आधी सरकारी खात्यात, मग विद्यापीठात जे शिकले ते सगळं बोलले. "शेजारच्या दोन वसाहतींत गवत उगवलंय. ही तिसरी कुणासाठी?" सगळे माना डोलावत लिहून घेत होते. शेवटी टाळ्याही झाल्या.

मग लुओनं एक छापील कागद त्यांच्यापुढे सरकवला. गटाचा अभिप्राय. रिवाजाप्रमाणे तो प्रमुखांनी वाचून दाखवायचा. प्रकल्प व्यवहार्य आहे, गट एकमतानं शिफारस करतो. शेवटी एक वाक्य होतं : रिकाम्या वसाहतींबाबत गटप्रमुखांनी केलेल्या मौलिक सूचनांचा यथावकाश विचार व्हावा.

"हे कधी छापलं?" सरांनी हळूच विचारलं.

"काल."

"काल मी बोललो कुठं होतो?"

"सर, तुमच्या वर्गात पहिल्या बाकावर बसायचो मी. तुम्ही काय बोलणार हे मला ठाऊक नसेल?" त्याच्या स्वरात थट्टा नव्हती. "ते वाक्य भांडून घातलंय. तुम्ही नाही वाचलंत तर मी वाचीन. पण मग ते वाक्य राहणार नाही."

सरांनी चष्मा लावला आणि वाचलं. आवाज वर्गात लागायचा तसाच स्वच्छ लागला.

बाहेर ओसरीवर फूशंगनं त्यांचे दोन्ही हात धरले. "तिसरे दादा, काय खडसावलंत एकेकाला! शेवटचं ते सरकारी भाषेतलं डोक्यावरून गेलं माझ्या. पण वाचणारे तुम्ही होतात, जीव भांड्यात पडला."

"फूशंग, अरे ऐक..."

त्यानं फोन कानाला लावलाही होता. "हां, झालं काम! मत्स्यबीज सांगून टाका. उद्याच सोडू तळ्यात."