सिनेटरच्या पिशवीतलं लोणचं

"आणि आता एक गोष्ट सांगतो," जगन्नाथकाका म्हणाले, "जी या घरात आजवर कुणीच सांगितलेली नाही."

मागच्या रांगेत विवेकनं चमकून मान वर केली.

गाइड म्हणून काकांची ही पहिलीच टूर. अमेरिकेतल्या हर्नडनजवळचं सिनेटर थॉर्नबीचं दोनशे वर्षांचं घर, आता म्युझियम. समोर इथल्या मराठी मंडळातली पंधरा माणसं, चार-पाच अमेरिकन, आणि दाराशी हाताची घडी घालून म्युझियमच्या मार्थाबाई. टूर नीट झाली तर काकांना दर शनिवार मिळणार होता. काका रिटायर झालेले भूलतज्ज्ञ. "चाळीस वर्षं माणसं झोपवली, आता जागी ठेवून दाखवतो," असं सकाळीच सगळ्यांना सांगून झालं होतं.

आणि ठेवली की! थॉर्नबी वकील असताना घोड्यावरून गावोगावच्या कोर्टात कसा हिंडायचा, खोगिराच्या पिशवीत एका बाजूला कायद्याची पुस्तकं नि दुसऱ्या बाजूला धुतलेला शर्ट. दिवसभर ज्या वकिलाशी कोर्टात भांडायचा, रात्री सराईत जागा कमी म्हणून त्याच्याच बिछान्यात झोपायचा. माणसं खिदळली. सिनेटर झाला तरी पठ्ठ्यानं ती पिशवी सोडली नाही म्हणे.

"हीच ती पिशवी," काकांनी काचेच्या कपाटाकडे बोट दाखवलं. "अठराशे चार साली हिच्यात आंब्याचं लोणचं होतं."

विवेकनं डोळे मिटले. लोणचं त्याचंच होतं.

मार्चमध्ये त्यानं कॉम्प्युटरवर जुन्या वर्तमानपत्राचा टाइप जुळवून छापला, कागद चहात बुडवला, बायकोच्या, रेखाच्या, हेअर ड्रायरनं वाळवला, आणि कात्रण तयार! जहाजावरून पळाला म्हणून धरलेला एक रत्नागिरीचा खलाशी. वकील थॉर्नबीनं त्याची केस लढवून त्याला सोडवला. खलाशानं जाताना लोणच्याची बरणी दिली. "लायब्ररीच्या रद्दीत सापडलं, काका," म्हणून ते काकांना दिलं. चार दिवसांनी सगळ्यांसमोर भांडं फोडायचं नि पोट धरून हसायचं, असा बेत होता. मग ऑफिसात सॉफ्टवेअरचं रिलीज आलं आणि विवेक साफ विसरला.

काकांनी कपाटाच्या काचेवर हात टेकला. "दोनशे वर्षांपूर्वी आपला एक माणूस या मातीवर उभा होता हो. थॉर्नबीनं त्याला विचारलं असेल, बाबा रे, तुझं नाव काय?"

शोभनाकाकू, काकांची बायको, पदरानं डोळे पुसत होत्या.

"डॉक्टर," मार्थाबाई हळूच म्हणाल्या, "आमच्या कुठल्याच कागदात हे नाही. तुम्हाला कुठं मिळालं?"

काकांनी मोठ्या अभिमानानं खिशातून कात्रण काढलं. लॅमिनेट करून घेतलेलं. मार्थाबाईंनी चष्मा लावला, कागद खिडकीच्या उजेडात धरला. तळाशी, चहाच्या डागाखाली, फक्त बोट ठेवलं. प्रिंटरनं बारीक अक्षरात तारीख छापली होती. बारा मार्च, दोन हजार सात.

काकांनी ती वाचली. मग मान वर करून थेट मागच्या रांगेत बघितलं.

एक पाऊल पुढं टाकायचं. 'मॅडम, हा उद्योग माझा,' एवढंच म्हणायचं. मंडळाच्या गणपतीत माइक हातातून न सोडणारा विवेक आपल्या बुटांच्या नाड्या बघत राहिला.

"चूक माझी," काका म्हणाले. "शहानिशा न करता बोललो. माफ करा." छातीवरचा गाइडचा बिल्ला काढून त्यांनी मार्थाबाईंच्या हातावर ठेवला.

परतताना विवेक ड्राइव्ह करत होता. शेजारी काका. मागे काकू नि रेखा.

"काका, उद्या जाऊन मी मार्थाबाईंना सगळं सांगतो."

"पुढं बघून चालव."

विवेकनं सिग्नलला गाडी थांबवली.

"त्या खलाशाला नाव नव्हतं दिलंस तू," काका म्हणाले.

"नाही, काका."

"मी ठेवलं होतं," काका खिडकीबाहेर बघत म्हणाले. "मनातल्या मनात."

कुठलं, ते विचारायचं विवेकला धाडस झालं नाही.