दार कुठंय?

"आमच्या मॉडेलमधून सुईसुद्धा सुटत नाही," आर्किटेक्ट ऑफिसचे मालक ओसकोन-बाइके यांनी जाहीर केलं. "ही इमारत नव्हे. हा किरगिझ आत्मा आहे."

"मग जरा फिरवून दाखवा," गावचा म्हातारा जापारकुल म्हणाला. आणि पडद्यावरचा आत्मा जागच्या जागी गोठला.

ते मॉडेल बनवणारी बुरुल माऊस दाबत राहिली. गावच्या गोल सभागृहाचं हे काम हुकलं, तर बाइके ऑफिसला कुलूप लावणार होते आणि ती दोर्दोय बाजारात बहिणीच्या गाळ्यावर मोजे विकणार होती. याआधी आलेल्या प्रत्येक आर्किटेक्टला गावच्या या म्हाताऱ्यांनी परत धाडलं होतं. का, ते कुणालाच कळलं नव्हतं. म्हणून तिनं काही कमी ठेवलं नव्हतं. चहाच्या प्रत्येक समोवारला तोटी आणि प्रत्येक तोटीला थेंब काढला होता. कॉम्प्युटर त्या थेंबांत बुडाला होता.

तिनं तपशिलाची पातळी 'भरपूर'वरून 'मध्यम'वर आणली. समोवार गेले, गालिचे गेले. आत्मा हलेना. 'जुजबी' केली. झुंबर गेलं, खिडक्या गेल्या. तरी हलेना.

टेबलाच्या एका बाजूला वरच्या आळीचे म्हातारे, समोर खालच्या आळीचे. दोन्हीकडे चहा निवत चालला होता.

"काय गं पोरी, घोडं बसलं वाटतं?" खालच्या आळीतून कुणीतरी विचारलं. "चाबूक देऊ?"

बुरुलनं डोळे मिटले आणि शेवटची पातळी दाबली. निव्वळ आकार.

सभागृह भिंगरीसारखं फिरू लागलं. पांढरं, गुळगुळीत, उपड्या वाडग्यासारखं.

"दार कुठंय?" जापारकुलनं विचारलं.

बुरुलचा हात पुन्हा माऊसकडे गेला. "आहे, आजोबा. म्हणजे, होतं. आत्ता आणते परत."

"हात लावू नकोस." म्हातारा पडद्याजवळ गेला. बराच वेळ बघत राहिला. मग टेबलाकडे वळला. "मानाची बैठक दारासमोर. दार इकडं काढलं की मान वरच्या आळीला, तिकडं काढलं की खालच्या. या दारापायी आपण एकमेकांशी बोलायचं थांबलो. आता दारच नाही. भांडा बघू कशावरून भांडता ते."

मग टेबलाच्या दोन्हीकडच्यांनी एकदमच तळहात चेहऱ्यांवरून उतरवत 'ओमीन', म्हणजे तथास्तु, म्हटलं. काम मिळालं. बाइके आत्म्याविषयी आणखी काही बोलणार होते, पण म्हातारे उठलेसुद्धा.

निघताना जापारकुल टोपी घालून बुरुलपाशी थांबला.

"पोरी, एक बारीकसं काम. चहा आत नेता येईल एवढी फट ठेव कुठंतरी. कुठं, ते आम्हांला सांगू नकोस."