भिंतीवरचं बटण

पट्टा दुसऱ्यांदा उठला तेव्हा पोराने तो हवेतच धरला.

पोराचा बाप, कातारी, बघतच राहिला. परवापर्यंत हेच पोर खुंटीवरचा पट्टा स्वतः काढून बापाच्या हातात देत होतं. आता त्याने पट्टा भिरकावला आणि दोन्ही हातांनी बापाचा गळा आवळला. बापाची पाठ कपाटावर आदळली. आतली भांडी खडखडली.

"सोड! बाप आहे तुझा!" आई पोराच्या दंडाला लोंबकळली, तेव्हा कुठे पकड सुटली.

भांडण लेथवरून होतं. मशीन जुनं. मोटरचं बटण लांब, भिंतीवर. कातारी लोखंड कातायचा आणि ओरडायचा, "चालू! बंद!" पोराने तेवढं ऐकून बटण दाबायचं. स्वतःचं डोकं चालवायचं नाही, हा वर्कशॉपचा कायदा. काल मशीनवर फिरणारा लोखंडी जॉब हेलकावताना दिसला, पोर घाबरलं आणि त्याने न विचारता मशीन बंद केलं. टूल रुतून मोडलं, जॉब वाया गेला.

कातारीने आरशात पाहिलं. गळ्यावर बोटांचे लालभडक वळ उठले होते. त्याने रुमाल घेतला आणि गळ्याभोवती बांधला.

"आज राहू द्या ना काम," आई म्हणाली.

"पोराला भिऊन घरात बसू? मीही बापाचा मार खाऊनच माणूस झालो. ए, चल पुढे!"

पोर पुढे झालं. ओठ फुटलेला, नजर जमिनीला.

दोघे वर्कशॉपला पोचले तेव्हा शेजारच्या गाळ्यातला वेल्डर दारातच होता. "काय उस्ताद, गळ्यात रुमाल? गेल्या महिन्यात मी मफलर घालून आलो तर लेथजवळ फिरकू दिलं नव्हतंत."

"घसा धरलाय."

"असं होय. पण पोरगं बघा, तुमच्याहून वीतभर वर गेलं. आता मारायचं तर स्टूल घ्यावं लागेल."

मग वेल्डरला पोराच्या शर्टाखाली काहीतरी ताठ दिसलं. त्याने कातारीला बाजूला ओढलं.

"उस्ताद, सळई आहे त्याच्याकडे. आज त्याच्याकडे पाठ करू नका. माझं ऐका, चार दिवस मामाकडे धाडा त्याला."

कातारी सरळ पोरासमोर जाऊन उभा राहिला.

"काढ."

पोराने सळई काढली. ती मुठीत इतकी घट्ट धरली की बोटं पांढरी पडली.

"घाल डोक्यात. हिंमत असेल तर घाल!"

पोराने सळई हळूच टेबलावर ठेवली.

कातारीने खाडकन त्याच्या कानाखाली वाजवली. "जा, जागेवर उभा राहा. हाताची घडी. मी सांगितल्याशिवाय बटणाला बोट जरी लागलं, तर मनगटापासून तोडीन. कळलं?"

"हो."

"हो काय?"

"हो, बाबा."

"चालू!"

मोटर घरघरली. टळलं एकदाचं, असं म्हणत वेल्डर आपल्या गाळ्यात गेला.

एक फाटक जोडून होईपर्यंत त्याला लेथचा नेहमीचा आवाज येत होता. मग तो बदलला. मशीनचा पट्टा घसरत असल्यासारखी मोटर कण्हायला लागली, आणि त्या आवाजात पत्र्यावर काहीतरी आपटल्याचे ठोके मिसळले. वेल्डर धावला.

कातारी मशीनवर ओणवा होता. रुमालाचं टोक फिरत्या जॉबने ओढून घेतलं होतं आणि गळ्याशी फास बसला होता. मशीनखालच्या पत्र्यावर आपटणारे पाय आता थांबले होते.

वेल्डरने झेप घेऊन बटण दाबलं. त्याचा खांदा पोरावर आदळला, कारण पोर तिथेच, बटणाला खेटून उभं होतं. हाताची घडी तशीच.

"अरे मेल्या, हाताशी होतं बटण! बंद का नाही केलंस?"

पोराची नजर बापाच्या तोंडावरून हलली नाही.

"बाबांनी सांगितलं नाही अजून."