मागची तारीख

संग्रहालयातून आलेल्या संशोधिकेने भिंतीवरचा तुकडा खिळ्यावरून काढला, उलटा केला आणि मागची तारीख दुसऱ्यांदा वाचली.

"काकू, ही तारीख बरोबर आहे?"

"कच्च्या मातीत कोरलीय," काकू म्हणाल्या. "भाजल्यावर ब्रह्मदेवालाही बदलता यायची नाही."

दारापासून स्वयंपाकघरापर्यंतची अख्खी भिंत प्रवाळांची होती. मातीचे, झिलई दिलेले चारशे बारा तुकडे. काका बंदरात पाणबुडे होते. जहाजांचे तळ घासायचे आणि काम सुटलं की पलीकडच्या प्रवाळांच्या खडकाशी एकट्यानेच बुडी मारून यायचे. खाली काय पाहिलं ते घरी येऊन सांगायचे. काकू ते मातीत घडवायच्या आणि मागे त्या बुडीची तारीख कोरायच्या. स्वतः काकू गुडघाभर पाण्याच्या पुढे कधी गेल्या नव्हत्या.

काका गेल्या वर्षी वारले, घरातच, झोपेत. महिनाअखेरीस काकूंना घर सोडायचं होतं. नव्या खोलीत एक पलंग लावला की भिंत संपत होती. संग्रहालयाने घेतली तर ही भिंत राहणार होती, नाहीतर राडारोड्याबरोबर भरावात जाणार होती.

संग्रहालयाला ती हवीच होती. सत्तावीस वर्षांची, बुडीगणिक नोंद. अशी दुसरीकडे कुठेच नव्हती. संशोधिका सकाळपासून एकेक प्रवाळ ओळखत होती. मेंदूसारखा वळ्यावळ्यांचा, हरणाच्या शिंगांसारखा, पंख्यासारखा. स्वयंपाकघराच्या बाजूला पोचली तसं तिचं बोलणं कमी होत गेलं. कुठेतरी पाणी मुरतंय, असं तिला वाटू लागलं. इथले, अलीकडच्या तारखांचे तुकडे उलट जास्तच रंगीत होते.

अकरा वर्षांपूर्वी, समुद्र तापला त्या उन्हाळ्यात, ती विद्यार्थिनी म्हणून त्याच खडकावर मोजणीला होती. सहा आठवड्यांत सगळे प्रवाळ पांढरे पडले. मग त्यांच्यावर शेवाळ चढलं. नंतर मोजायला काही उरलं नाही. हे तिने काकूंना शक्य तितक्या हळुवारपणे सांगितलं. काका तुम्हाला बरं वाटावं म्हणून रंग सांगत असतील, असंही म्हणाली. मग तिने एक मार्ग सुचवला. शेवटच्या एकशे नव्वद तुकड्यांवर करडी झिलई चढवायची आणि ते पुन्हा भाजायचे. तेवढं केलं की नोंद खरी होईल, संग्रहालय अख्खी भिंत घेईल. आहे तशी मात्र घेता येणार नाही.

काकूंनी तिच्या हातातला तुकडा घेतला. तळव्याने पुसून त्याच्या खिळ्यावर परत लावला. तो सरळ लागला आहे का, हे दोन पावलं मागे जाऊन पाहिलं.

"करडं मी चढवणार नाही," त्या म्हणाल्या. "भरावात गेली तर जाऊ दे. आणि एक सांगते बाळ, हे माझ्याशी कधी खोटं बोलले नाहीत. पहिल्यांदा म्हणाले, पांढरं. मग म्हणाले, करडं. मग बोलणंच सुटलं. शेजारचे थट्टा करायचे, पाणबुड्याने मिठाची गुळणी धरली म्हणून. खाली मात्र न चुकता जायचे. दर वेळी थोडं जास्त थांबायचे. मी इथे घड्याळ बघत बसायची."

"मग हे रंग?"

"माझ्या मनाचे. घरी आले की आधी इथे यायचे, ओल्या केसांनी. नवा तुकडा कुठला ते शोधायचे."

काकूंनी भिंतीवरून हात फिरवला.

"खाली काही उरलं नव्हतं गं. त्यांनी दर वेळी वर यावं, असं काहीतरी घरात नको होतं का?"