तिसरा हिस्सा

सहाव्या गणितापाशी श्यामकांतांचं घोडं अडलं. एक छेद दोन अधिक एक छेद तीन.

वही मांडीवर घेऊन ते गॅलरीतल्या खुर्चीत बसले होते. शेजारी नात ओवी, इयत्ता सहावी, त्यांच्यावर पहारा देत होती. दहाही गणितं तिनेच पेन्सिलीने लिहून दिली होती. शिरगावच्या या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये दर रविवारी पोरांना गणित शिकवायचं, हा आजोबांचा निवृत्तीनंतरचा नेम. चार महिन्यांपूर्वी मेंदूला झटका आला आणि नेम मोडला. हातपाय लवकर ताळ्यावर आले, आकडे मात्र येईनात. एकदा हट्टाने फळ्यापाशी गेले आणि चुकीचं उत्तर लिहून बसले. पोरं हसली असती तर बरं, ती गप्प झाली. तेव्हा मुलाने, समीरने, अट घातली होती: दहापैकी दहा आली तरच खाली शिकवायला जायचं.

पहिली पाच गणितं सोपी गेली. त्यांत पाव, अर्धा आणि पाऊण एवढेच होते, आणि ते शोधायला कुठे जावं लागत नव्हतं. लहानपणी घोकलेली पाऊणकी आपसूक ओठांवर यायची. बे पाऊण दीड, तीन पाऊण सव्वादोन, चार पाऊण तीन. डोळे मिटले की अख्खा वर्ग एका सुरात डुलायला लागायचा. सारवलेल्या जमिनीचा गारवा मांड्यांना लागायचा, आणि गुरुजी पेंगत पेंगत छडीने ठेका धरायचे. श्यामकांतही खुर्चीत डुलत होते. ओवीला ते पाहायला आवडत होतं.

पण त्या सुरात तिसरा हिस्सा नव्हता. पावकी होती, निमकी होती, सवायकी, दिडकी, झालंच तर साडेतिनाची औटकीसुद्धा होती. तिसऱ्या हिश्शाचा पाढा मात्र कुणी शिकवलाच नव्हता. अर्ध्यावरून एक पायरी खाली उतरावं, तर पाय थेट पावावर पडायचा. मधे आणखी एक पायरी आहे हे त्यांना आठवत होतं, दिसत नव्हतं. ते बराच वेळ त्या तिनाकडे बघत राहिले. मग वारा आला, वर्ग पुन्हा डुलू लागला, आणि त्यांनी पेनाने उत्तर लिहून टाकलं: तीन छेद चार.

बाकीची चार झाल्यावर त्यांनी वही ओवीकडे दिली. "तपास."

ओवी भराभर बरोबरच्या खुणा करत गेली. सहाव्यापाशी तिचा हात थांबला. "आबा, मला जरा पाणी आणता?"

ते भिंतीला हात लावत आत गेले आणि पाणी घेऊन आले, तोवर दहाही गणितांवर खुणा झाल्या होत्या.

श्यामकांतांनी वही जवळ घेतली. अंबरनाथच्या कारखान्यात बत्तीस वर्षं त्यांनी तयार माल तपासला होता. नापास नगावर लाल रंगाचा ठिपका द्यायचा, आणि कुणी तो खरवडून नग पुन्हा चांगल्यांत सरकवला तर बोट फिरवून ओळखायचा, हे त्यांचं काम. सहाव्या गणितावरून त्यांनी बोट फिरवलं. प्रश्नातल्या दुसऱ्या छेदातला चार जरा जास्तच काळा होता आणि त्याखालचा कागद खोडरबराने फुगला होता.

"किती?" समीर दारात येऊन उभा राहिला.

"दहा," ओवी म्हणाली.

"नऊ," श्यामकांत म्हणाले. "सहावं चुकलंय."

समीरने वही पाहिली. "अर्धा अधिक पाव, पाऊण. बरोबर तर आहे, बाबा."

"तो चार आत्ता झालाय. मला तीन दिला होता."

ओवी नखं कुरतडायला लागली. समीरने तिच्याकडे पाहिलं, पण रागावला नाही. "ठीक आहे," तो हळूच म्हणाला. "पुढच्या रविवारी बघू."

पोरं सवयीने अजूनही रविवारी खाली जमायची; त्यांचा कलकलाट ऐकू येत होता. श्यामकांतांना वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. गप्प बसलो असतो तर कुणाचं काय बिघडलं असतं, असंही मनात येऊन गेलं. मग ते उठले, ओवीची पेन्सिल घेतली आणि चपला शोधू लागले.

"बाबा, आपलं ठरलंय ना?"

"शिकवायचं नाही, असं ठरलंय. मी शिकायला चाललोय." मग ओवीला म्हणाले, "चल. फळा आज तुझा."

पार्किंगमध्ये सतरंजीवर पोरं बसली होती. पायल आणि सोनूने त्यांच्याकडे बघत बघत सरकून मागे जागा करून दिली. श्यामकांत खांबाला धरून खाली बसले आणि मांडी घातली. फरशीचा गारवा मांड्यांना लागला.

ओवीने फळ्यावर गणित लिहिलं. "वन बाय टू प्लस वन बाय थ्री. डायरेक्ट ॲड नाही करायचं हां. कोण सांगेल?"

श्यामकांतांनी वहीत एक आडवा आयत काढला आणि त्याचे सहा चौकोन केले. अर्ध्याचे तीन रंगवले. मग थांबले. कुठूनही सूर येत नव्हता. त्यांनी चौकोन बोटाने मोजले, पुन्हा मोजले, आणि तिसऱ्या हिश्शाचे दोन रंगवले. एक चौकोन कोरा राहिला.

पुढच्या पोरांचे हात कधीच वर गेले होते. त्यांनीही आपला वर केला.

"सगळ्यांनी हात खाली," ओवी म्हणाली. "शेवटच्या रांगेतले, तुम्ही सांगा."